गाणं ऐकायचं राहूनच जातं

शाळा-महाविद्यालयांत प्रकल्प आणि सादरीकरणांचं प्रस्थ वाढलं आहे. विषय निवडायची मुभा मिळाली की विद्यार्थी हौसेनं आजचा एखादा लोकप्रिय गायक, संगीतकार किंवा रॅपर निवडतात. निवड चांगलीच असते, गाडी अडते ती पुढे. पहिल्या स्लाइडवर फोटो, दुसरीवर जन्मतारीख आणि गाव, तिसरीवर 'संघर्षाचा काळ', मग पुरस्कारांची यादी, यूट्यूबवरचे कोट्यवधी व्ह्यूज आणि शेवटी आभार. दहा मिनिटांत संगीतकाराचं अख्खं आयुष्य उरकतं आणि संगीत एकदाही वाजत नाही. वाजलंच तर पार्श्वभूमीला, बोलणाऱ्याचा आवाज दबू नये इतक्या बेतानं. दोष एकट्या विद्यार्थ्यांना देण्यात अर्थ नाही, कारण हा साचा त्यांनी आपल्याकडूनच उचलला आहे. कलावंतांच्या वाढदिवशी छापून येणारे लेख, वाहिन्यांवरचे गौरवसोहळे, रौप्यमहोत्सवी स्मरणिका यांचा घाटही हाच असतो. माझं म्हणणं असं की लोकप्रिय संगीताचा अभ्यास कलावंताच्या चरित्रापासून सुरू केला की तो बहुतेक वेळा चरित्रापाशीच संपतो. त्याची सुरुवात ध्वनिमुद्रणापासून व्हायला हवी: प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या त्या चार-पाच मिनिटांपासून आणि ती घडवणाऱ्या माणसांच्या नावांपासून.

अजय-अतुल यांचंच उदाहरण घेऊ, कारण त्यांची गोष्ट मराठी घराघरांत पाठ आहे. वडिलांच्या सरकारी नोकरीतल्या बदल्या, पुणे जिल्ह्यातल्या गावागावांत गेलेलं बालपण, रीतसर तालीम नाही, मग 'विश्वविनायक', 'अगं बाई अरेच्चा', 'जोगवा'साठी संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार, 'नटरंग', हिंदीतला 'अग्निपथ' आणि २०१६चा 'सैराट'. गोष्ट खरी आहे, सांगण्यासारखीही आहे. पण तिच्यातून 'झिंगाट' लागल्यावर मांडवातली म्हातारी माणसंही खुर्ची का सोडतात, याचं उत्तर मिळत नाही. वडिलांची बदली हे त्या ठेक्याचं स्पष्टीकरण होऊ शकत नाही. खेड्यात वाढलेली, रीतसर न शिकलेली, जिद्दी मुलं महाराष्ट्रात लाखोंनी होती. ते गाणं दोघांनीच केलं. म्हणजे चरित्र जिथे थांबतं तिथून अभ्यासाचा खरा प्रश्न सुरू होतो, आणि आपण नेमकी तिथेच शेवटची स्लाइड लावतो.

ध्वनिमुद्रणापासून सुरुवात केली तर काय हाती लागतं, हे त्यांच्याच एका गाण्यावरून दाखवता येतं. २००६च्या 'जत्रा' चित्रपटातलं 'कोंबडी पळाली' जितेंद्र जोशी यांनी लिहिलं आणि आनंद शिंदे व वैशाली सामंत यांनी गायलं. सहा वर्षांनी त्याच संगीतकारांनी तीच चाल 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' म्हणून आणली. शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे, आवाज श्रेया घोषाल यांचा. आपल्याकडे या प्रवासाची चर्चा झाली ती 'आपलं गाणं हिंदीत गेलं' या अभिमानाची, फार तर 'हिंदीनं उचललं' या तक्रारीची. दोन्ही ध्वनिमुद्रणं एकापाठोपाठ ऐकली तर पहिल्या मिनिटातच मोठा फरक कानावर येतो. मराठी गाणं दोघांचं आहे. पुरुषाचा रांगडा, मोकळ्या गळ्याचा आवाज आणि स्त्रीचा ठसकेबाज आवाज आळीपाळीनं येतात. तमाशातल्या छेडाछेडीची, एकमेकांवर शेरा मारण्याची सवय त्या मांडणीत मुरलेली आहे. हिंदीत मुख्य आवाज एकट्या बाईचा राहतो. चाल जवळपास तीच, ठेक्याची झिंग तीच, पण दोघांतली थट्टामस्करी जाऊन त्या जागी एकटीचं नाचून दाखवणं येतं, कारण हिंदी चित्रपटाला तिथे आयटम साँग हवं असतं. संस्कृतीच्या देवाणघेवाणीवर पानंच्या पानं लिहिण्यापेक्षा हा एक फरक वर्गात ऐकवला तर मुलांना कितीतरी जास्त कळेल. शिवाय तो पडताळून बघता येतो. ज्याला पटणार नाही त्यानं दोन्ही गाणी लावावीत आणि आपलं म्हणणं मांडावं.

'सैराट'च्या बाबतीतही हेच झालं. या चित्रपटाचं संगीत लॉस एंजेलिसमधल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर पाश्चात्त्य वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित झालं, हे प्रत्येक लेखात असतं. अभिमान ठीक आहे, पण तो वाद्यवृंद करतो काय? चार गाण्यांपैकी कोणत्या गाण्यात तो किती सेकंद ऐकू येतो, तो चालीला उचलून धरतो की दोन कडव्यांमधल्या मोकळ्या जागेत खेळतो, याचा हिशेब कागद-पेन्सिल आणि मोबाइलमधलं घड्याळ घेऊन नववीतला मुलगाही करू शकतो. 'याड लागलं'मध्ये तंतुवाद्यांचा ताफा लपून राहत नाही, त्या गाण्याचा अर्धा जीव तिथेच आहे. 'झिंगाट'चा जीव मात्र ठेक्यात आहे. एकाच चित्रपटात, एकाच जोडीनं, शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन गाण्यांत इतकं अंतर का ठेवलं? पडद्यावरच्या कथेनं ते मागितलं का? पुढे २०१८मध्ये 'धडक'साठी 'झिंगाट' हिंदीत गेलं, तेव्हा ठेका टिकला आणि सोलापूरकडची बोली गळाली. मग गाणं कशामुळे चाललं, ठेक्यामुळे की बोलीमुळे, हे ताडून बघायची आयती सोय झाली. असे प्रश्न विचारले की राज्यभर वाजलेलं गाणंही पुन्हा नवं वाटतं. (आणि हॉलिवूडच्या उल्लेखानं आपोआप वाढणारा आदर थोडा ताळ्यावर येतो, हा वरचा फायदा.)

आता नावांकडे येऊ. आपल्या परंपरेत गाणं स्वतःच आपलं नाव सांगत असे. अभंगाच्या शेवटच्या चरणात 'तुका म्हणे' किंवा 'नामा म्हणे' आलं की रचना कुणाची हे निरक्षर ऐकणाऱ्यालाही कळे. हीच रीत वामनदादा कर्डकांनी आंबेडकरी गीतांत चालवली. गाणं कुणीही म्हणो, कुठल्याही वस्तीत म्हणो, शेवटच्या कडव्यात 'वामन' येतोच. १९०२ साली कोलकात्यात गौहरजान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं तेव्हा गाणं संपताच त्यांनी आपलं नाव मोठ्यानं इंग्रजीत उच्चारलं, कारण तबकड्या जर्मनीतल्या कारखान्यात तयार होत आणि तिथल्या कारागिरांना गायिका कोण हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. रेकॉर्डच्या लेबलावर आणि कॅसेटच्या कव्हरवर गीतकार-संगीतकाराची नावं निदान बारीक अक्षरांत तरी असत. आज हातात आहे ती नुसती फाइल. यूट्यूबवर कुणीतरी चढवलेल्या जुन्या गाण्याखाली गायकाचं नाव असतं, तेही कधीकधी चुकीचं. 'पाऊले चालती पंढरीची वाट' ऐकून प्रल्हाद शिंदे यांचं नाव न आठवणारा मराठी माणूस विरळा. पण ते गाणं दत्ता पाटील यांनी लिहिलं आणि मधुकर पाठक यांनी त्याला चाल लावली, हे वारीत ते रोज गाणाऱ्यांपैकी किती जण सांगतील? गायकाच्या चरित्रावर बेतलेला अभ्यास या दोघांपर्यंत पोहोचतच नाही, कारण ते गोष्टीचे नायक नाहीत. ध्वनिमुद्रणावर बेतलेल्या अभ्यासात मात्र ते पहिल्या ओळीत येतात.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल, आणि तो घ्यायलाच हवा. चरित्र बाजूला ठेवणं म्हणजे जात, वस्ती, गरिबी यांनाच बाजूला ठेवणं नाही का? प्रल्हाद शिंदे कुठून आले हे न सांगता त्यांच्या गाण्याविषयी बोलणं म्हणजे त्या गाण्याचं सोवळं करून घेणं नव्हे का? आक्षेपातली काळजी रास्त आहे, निष्कर्ष मात्र उलटा आहे. प्रल्हाद शिंदे यांचं चरित्र मध्यमवर्गीय सोयीनं सांगितलं जातं तेव्हा त्यात विठ्ठलगीतं असतात, गणपतीची गाणी असतात, भीमगीतांचा एखाद-दुसरा उल्लेख असतो आणि कव्वाल्या तर बहुधा नसतातच. म्हणजे सोवळं चरित्रच करतं. त्यांच्या ध्वनिमुद्रणांची साधी सालवार यादी करा. कोणत्या कंपनीसाठी, कोणत्या सणाच्या किंवा जयंतीच्या तोंडावर, कोणत्या गीतकाराबरोबर, हे लिहीत जा. मग आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर आणि १४ एप्रिलला भीमजयंतीच्या मिरवणुकीत एकच गळा वाजत होता, हे कुणाला लपवता येणार नाही. दोन्हीकडचे ऐकणारे एकमेकांना किती ओळखत होते, हा पुढचा प्रश्न, आणि तो त्या यादीतूनच उभा राहतो. कॅसेटचंही तेच. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि एकाच मोठ्या कंपनीच्या पसंतीवर अवलंबून असलेला बाजार फुटला. उत्तर भारतातल्या या बदलावर पीटर मॅन्युएल यांनी १९९३मध्ये 'कॅसेट कल्चर' हे पुस्तक लिहिलं. आपल्याकडेही आनंद आणि मिलिंद शिंदे यांचे आवाज एसटी स्टँडवरच्या टपऱ्यांपासून ट्रकच्या केबिनपर्यंत पोहोचले ते कॅसेटमुळे. आकाशवाणीची स्वरचाचणी आणि ग्रामोफोन कंपनीच्या वातानुकूलित कचेऱ्या ओलांडायची गरज उरली नाही, हे सामाजिक सत्यच आहे. पण ते सापडतं कव्हरवरच्या पत्त्यात, किमतीत आणि गाण्यांच्या निवडीत. 'लहानपणापासून गाण्याची आवड होती' या वाक्यात नाही.

दुसरा आक्षेप काळाचा. आजचं गाणं उद्या राहील की नाही कुणास ठाऊक. थोडा काळ जाऊ द्या, चाळणीतून जे उरेल त्याचा अभ्यास करू, असं जाणकार म्हणतात. ऐकायला समंजस वाटणारा हा सल्ला प्रत्यक्षात महागात पडतो, आणि त्याचा पुरावा गोव्यानं दिला आहे. हिंदी चित्रपटसंगीताच्या वैभवकाळात वाद्यमेळ रचणारे, स्वरलिपी लिहिणारे, व्हायोलिन-ट्रम्पेट-सॅक्सोफोन वाजवणारे कितीतरी वादक गोव्याचे होते, आणि श्रेयनामावलीत त्यांना बहुधा जागा नव्हती. सेबॅस्टियन डिसूझा यांचं नाव आज जाणकारांच्या तोंडी असतं. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचं नाव तर एका लोकप्रिय गाण्यात गेलं, ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे. तरी 'अमर अकबर अँथनी' पाहणाऱ्या बहुतेकांना ते काल्पनिक पात्राचंच नाव वाटत राहिलं. ग्रेगरी बूथ या अभ्यासकानं मुंबईतल्या अशा वादकांना गाठून, त्यांच्याशी बोलून 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक २००८मध्ये आणलं. तोवर अनेक जण गेलेले होते. जे हयात होते त्यांच्या आठवणींमुळे निदान काही गाण्यांमागचे हात कळले. काळाची चाळणी गाणं ठेवते, ढोलकीवाल्याचं नाव ठेवत नाही. म्हणून समकालीन संगीताचा अभ्यास समकालीनांनीच करायचा असतो. ध्वनिमुद्रक, वाद्यमेळकार, कोरसमधल्या मुली आज फोनवर भेटतात. पुण्याच्या वस्तीतून आलेल्या एमसी स्टॅनचा 'तडीपार' २०२०चा आहे. त्यातली बोली कोणत्या गल्लीतली, बीट कुठे बनला, ध्वनिमुद्रण कशावर झालं हे सांगणारी माणसं आत्ता पंचविशी-तिशीत आहेत. आणखी चाळीस वर्षांनी तेच शोधायला शिष्यवृत्ती लागेल.

'पण या गाण्यांत अभ्यासण्यासारखं आहे काय?' हा प्रश्न आता उघडपणे कमी विचारला जातो, मनात मात्र शाबूत आहे. त्याचं उत्तर मराठीत केव्हाच दिलं गेलं आहे. अशोक दा. रानडे हे रागसंगीतात मुरलेले पंडित. त्यांनी भारतीय संगीताची वर्गवारी करताना आदिम, लोक, भक्ती, कला यांच्या बरोबरीनं जनसंगीत आणि संगमसंगीत यांना स्वतंत्र कोटी मानलं, आणि २००६मध्ये हिंदी चित्रपटगीतावर मोठा इंग्रजी ग्रंथ लिहिला. त्यांना चित्रपटगीताची बाजू घ्यायची नव्हती. प्रत्येक कोटीला तिच्या कामाप्रमाणे वेगळे निकष लावायचे होते. 'झिंगाट'मध्ये रागविस्तार शोधायचा नसतो, आणि तो नाही म्हणून गाणं हलकंही ठरत नाही. याच्या उलट टोकाला नवी अंधश्रद्धा आहे ती आकड्यांची. कोट्यवधी व्ह्यूज म्हणजे थोर गाणं, असं धरून चालणारं सादरीकरण जन्मतारखेच्या सादरीकरणापेक्षा फार पुढे गेलेलं नसतं. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजला जातो. मग आकडा सांगण्यापेक्षा, या ३० सेकंदांच्या अटीमुळे गाण्यांच्या सुरुवातीचे वाद्यतुकडे आखूड झाले का, हे वीस जुनी आणि वीस नवी गाणी घेऊन मोजून बघणं जास्त मोलाचं. उत्तर 'नाही' आलं तरी तो अभ्यासच.

सादरीकरण कसं असावं, हे यातून आपोआप ठरतं. दहा मिनिटांपैकी निदान चार मिनिटं गाणं वाजलं पाहिजे; तुकड्या-तुकड्यांनी, थांबवून, 'आता ढोलकीकडे लक्ष द्या' असं सांगून, पुन्हा तोच तुकडा लावून. कॉपीराइटची भीती घालणाऱ्यांनी कायदा वाचावा: संशोधन, टीका आणि समीक्षा यांसाठी केलेला रास्त वापर भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२नुसार उल्लंघन ठरत नाही. एकच ध्वनिमुद्रण निवडून त्याचे गीतकार, संगीतकार, वाद्यमेळकार, वादक, कंपनी आणि साल यांची पक्की माहिती द्यावी, आणि जे नाव सापडलं नाही त्याची जागा रिकामी दाखवावी. ती रिकामी जागाही माहितीच असते. गाणं लोकांत कसं जगतं हे बघायला तर महाराष्ट्रात वर्षभर सोय आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत बेंजो पार्टी कोणती गाणी कोणत्या क्रमानं वाजवते, वरातीत बँडवाले नव्या गाण्याचा कोणता भाग ठेवतात आणि कोणता गाळतात, डीजे जुन्या कोळीगीताखाली कोणता ठेका घालतो, हे वहीत टिपणारा विद्यार्थी कुठल्याही संकेतस्थळावर नसलेली माहिती गोळा करत असतो. हे बँडवाले आणि बेंजोवाले म्हणजे लोकप्रियतेचे खरे परीक्षक. न चालणारं गाणं ते दुसऱ्या दिवशी टाकून देतात.

एवढी चिरफाड केली तर गाण्यातली मजा जाईल, अशी हळहळ काही रसिक व्यक्त करतात. मारवा आणि पुरिया या रागांतला फरक कळल्यानंतर ज्यानं गाणं ऐकणं सोडलं, असा एक रसिक त्यांनी दाखवावा; मग पुढे बोलू.

प्रश्न उरतो साधनांचा, आणि इथे आपली बाजू लंगडी आहे. 'आठवणीतली गाणी'सारख्या संकेतस्थळानं गीतकार-संगीतकारांच्या नावांसह मराठी गाण्यांची नोंद ठेवण्याचं मोठं काम केलं आहे. मात्र अशा संग्रहांचा ओढा साहजिकच भावगीत, नाट्यगीत आणि चित्रपटगीताकडे असतो. कॅसेटवरची लोकगीतं, भीमगीतं, कोळीगीतं, कव्वाल्यांचे सामने, भारुडं आणि आताचं रॅप यांची सालवार, श्रेयनामांसकट सूची कुणी करायची? रिद्धपूरचं मराठी भाषा विद्यापीठ आणि मुंबईतलं लता मंगेशकर आंतरराष्ट्रीय संगीत महाविद्यालय या दोन्ही संस्था नव्या आहेत, त्यांच्या कामाच्या वाटा अजून आखल्या जात आहेत. त्यांनी मराठी जनसंगीताचा कोश हाती घ्यावा, आणि पदवीच्या विद्यार्थ्यांनी केलेली एकेका गाण्याची पक्की नोंद त्यात सामावून घेऊन तिला गुण द्यावेत. कॅसेटची फीत बुरशीनं आणि ओलीनं खराब होते, त्यामुळे हे काम सावकाशीनं करायचं नाही. ज्यांच्या माळ्यावर अशा कॅसेट पडून आहेत त्यांनी त्या भंगारात घालण्याआधी निदान कव्हरचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवावा. हिंदीच्या बाबतीत १९३१ ते १९८० या पाच दशकांतल्या चित्रपटगीतांचा कोश खंडाखंडानं सिद्ध झाला आहे, आणि तो कुठल्या विद्यापीठानं नव्हे, कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' या एका माणसानं केला.